‘वास सुटेपर्यंत’ म्हणजे कुठला वास?

पत्र थोडक्यात असं : जुळे सोलापुरात राहणारे छप्पन्न वर्षांचे गृहस्थ आहेत. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितात. घरी पत्नी आणि ८१ वर्षांची आई. मुलगी पुण्याला असते. तिचं पहिलं बाळंतपण, आणि डॉक्टर तिकडचे, म्हणून संक्रांत झाली की पत्नी तीन महिने पुण्याला जाणार. यांना चहा करता येतो आणि पापड भाजता येतो. दिवाळीनंतर त्यांनी गुपचूप पुस्तकं जमवायला सुरुवात केली. एक ‘पुरुषांसाठी झटपट’ छापाचं, एक गुळगुळीत कागदावरचं मोठ्या फोटोंचं महागडं, आणि एक आईच्या ट्रंकेत सापडलेलं, पुढची चाळीसेक पानं गळालेलं. पत्नी हळदीकुंकवाला गेली असताना त्यांनी दोनदा प्रयोग केला. पहिल्यांदा मोहरी जळाली आणि आमटी खारट झाली. दुसऱ्यांदा तव्यावर भाकरीचे सात तुकडे झाले. आईनं ऐकवलं, “आपल्यात गडीमाणसं चुलीपुढं बसत नाहीत.” आता पुस्तकं ऑफिसच्या कपाटात फायलींमागं आहेत. ते विचारतात, “ताई, पुरुषांसाठी खरोखर चांगलं असं एकच पुस्तक सांगा. पत्नीला कळू न देता शिकायचं आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी तिला ताट वाढून चकित करायचं आहे.”

नमस्कार,

भाकरीचे तुकडे सात झाले हे तुम्ही मोजून लिहिलंत, तिथंच तुमच्यातला हिशेबनीस दिसला. या गुणाचा आपल्याला पुढं उपयोग होणार आहे, तो जपून ठेवा.

आधी माझ्या घरची एक गोष्ट सांगते. माझं हाताचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या यांनी उपमा करायला घेतला. मी पलंगावरून सूचना देत होते. “रवा भाजा.” “किती?” “वास सुटेपर्यंत.” थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला, “कुठला वास?” मला राग आला. तीस वर्षं हा माणूस त्या वासानं उठून “आज उपमा का?” म्हणत बाहेर यायचा. वास त्यांना पाठ होता. पण तो ‘आता गॅस बारीक कर’ असं सांगतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तो वास म्हणजे नाश्त्याची वर्दी. माझ्या लेखी तो घड्याळाचा काटा.

तुमची अडचण नेमकी ही आहे. तुम्ही पुरुष आहात ही अडचण नाही. आपल्याकडची बहुतेक पाकपुस्तकं अशा वाचकासाठी लिहिली गेली, जो लहानपणापासून कुणाच्या तरी मागं ओट्यापाशी उभा राहिलाय. ‘नेहमीप्रमाणे फोडणी करावी’, ‘बेताचं पाणी घालावं’, ‘खमंग परतावं’, ‘मीठ चवीनुसार’. यातला ‘नेहमी’ कुणाचा, ‘बेत’ कुणाचा? लिहिणाऱ्या बाईंनी काही लपवलं नव्हतं. वाचणारीनं हे पाहिलेलं असणार, असं त्यांनी धरून चालणं त्या काळी बरोबरच होतं. तुम्ही ते पाहिलेलं नाही. एखादी मुलगी शिक्षणासाठी वसतिगृहात वाढली असेल तर तिनंही पाहिलेलं नसतं. त्यामुळे ‘पुरुषांसाठी’ असं पुस्तक शोधू नका. ‘न पाहिलेल्यांसाठी’ शोधा. ते कुठल्याही नावाखाली सापडेल.

कव्हरवर ‘पुरुषांसाठी’ छापलेलं जे तुम्ही आणलंत, तसली पुस्तकं मी चाळली आहेत. त्यात दोन तऱ्हा असतात. एकीत ब्रेड, नूडल्स, पनीर आणि दहा मिनिटं. दुसरीत बिर्याणी, मटण, तंदुरी आणि मित्रमंडळी. म्हणजे हा माणूस एक तर उपाशी मरू नये म्हणून शिजवणार, नाही तर टाळ्या मिळाव्यात म्हणून. बुधवारी संध्याकाळी सात वाजता, ऑफिसातून दमून आल्यावर, म्हाताऱ्या आईला चावेल असं काय करायचं, हा प्रश्न दोन्ही तऱ्हांना पडत नाही. तुम्हाला मात्र तोच पडणार आहे, सलग तीन महिने. वसतिगृहात राहणारा कुणी भाचा-पुतण्या असेल तर हे पुस्तक त्याला देऊन टाका.

फायलींमागं पुस्तक लपवण्याबद्दल एक सांगते. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं हजार पाकक्रियांचं पुस्तक आलं, त्याचं नावच ‘गृहिणी-मित्र’. त्या नावामुळं वाटतं की हा प्रांत मुळातच बायकांचा. पण त्याच्या ३५ वर्षं आधी, १८७५ मध्ये, ‘सूपशास्त्र’ नावाचं पुस्तक छापलं गेलं. छापील मराठी पाकपुस्तकांत ते अगदी सुरुवातीचं, आणि त्याचे कर्ते होते रामचंद्र सखाराम गुप्ते. म्हणजे छापील अक्षरांत पळी पुरुषाच्या हाती आधी आली. लग्नातला आचारी बहुधा पुरुषच असतो. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर दिंड्यांचे मोठाले हंडे ढवळणारे बहुतेक पुरुषच असतात. विराटाच्या मुदपाकखान्यात भीमानं वर्षभर काय केलं, हे तर तुमच्या आईंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. गडीमाणसं चुलीपुढं बसतात, भाऊ. घरच्या चुलीपुढं बसत नाहीत, एवढंच.

आता ‘सरप्राइज’चं. मनाला विचारून बघा, यात चकित करण्याची हौस किती आणि तिच्यासमोर चुकायला लागू नये म्हणून पळवाट किती? मला दुसरं जास्त वाटतं. तीस वर्षं तिनं केलेल्या आमटीत मीठ कमी-जास्त सांगणारे तुम्ही, आता तुमच्या आमटीचं तिनं सांगायचं, हे जड जातंय. जाऊ द्या जड. पण तुमच्या गुपितापायी काय होतंय तेही पाहा. ती बिचारी जायच्या आधी तीन महिन्यांच्या चटण्या, मेतकूट, भाजण्या करायला लागेल, किंवा लागलीच असेल. ‘यांचं आणि सासूबाईंचं कसं होणार’ या काळजीत ती लेकीकडं जाईल. आदल्या दिवशीच्या एका ताटानं ती काळजी मिटत नाही. संक्रांतीपर्यंतचे नऊ आठवडे रोज संध्याकाळी एक भाजी तुम्ही केलीत, ती पाटावर बसून बघत राहिली, तर मिटते.

संक्रांतीला भरणारी आपली गड्ड्याची यात्रा तुम्ही लहानपणापासून पाहताय. सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी, एवढी उंच काठी तोललेली. ती काठी कुणी संक्रांतीच्या दिवशी पहिल्यांदा उचलतं का? कितीतरी आधीपासून सराव चालतो. रस्त्यावर सगळ्यांच्या देखत चालतो, आणि झोक गेला तर सावरायला बाजूला माणसं असतात. तुमचीही वेळ संक्रांतीचीच आहे आणि सावरणारं माणूस घरात आहे. त्याला हळदीकुंकवाला पाठवून कशाला सराव करता?

बरं, पुस्तक. विकत घेण्याआधी दुकानात उभं राहून पुस्तक कसं तपासायचं ते सांगते. तुमच्यासारखे बरेच जण पत्रं लिहितात, त्यांच्याही उपयोगी पडेल. फोटो बघू नका. तयार पदार्थाचा फोटो म्हणजे नुसता ताळेबंद, आकडे जुळलेले, सगळं छान. तुम्हाला हवी किर्द, रोजच्या नोंदीची. कुठल्या क्षणी काय दिसलं, मग काय घातलं. म्हणून सरळ एखाद्या साध्या भाजीचं पान उघडा, वांगी किंवा मेथी, आणि फोडणीचं वाक्य वाचा. ‘फोडणी करून भाजी टाकावी’ एवढंच असेल तर पुस्तक जागेवर ठेवा. ‘तेल मध्यम आचेवर तापवा, मोहरीचे दोन दाणे टाकून बघा, लगेच तडतडले तर बाकीची टाका, तडतड ओसरली की गॅस बारीक करून जिरं, हिंग, शेवटी हळद’ असं काही असेल तर ते पुस्तक तुमचं. तुमची मोहरी जळाली ती इथंच. तेलातून धूर निघेपर्यंत तुम्ही थांबला असणार. आणि हळद शेवटी का, तर ती पटकन जळते आणि भाजी कडू होते. असा ‘का’ ज्या पुस्तकात अधूनमधून भेटतो, त्यावर मी डोळे झाकून पैसे टाकते.

दुसरं, मापांचं पान शोधा. वाटी म्हणजे किती, चमचा म्हणजे कुठला, हे पुस्तकानं सुरुवातीला सांगितलंय का? तुमच्या खारट आमटीचा उलगडा मला इथंच दिसतो. पुस्तकात नुसता ‘चमचा’ म्हटलं की बहुधा चहाचा, म्हणजे ५ मि.ली.चा असतो. मोठा, टेबलावरचा, १५ मि.ली.चा. तुम्ही हाताला लागला तो पोहे खायचा मोठा चमचा घेतला असेल, तर आमटीत दुपटी-तिपटीनं मीठ गेलं. चूक तुमच्या हाताची नव्हती, एककाची होती. हिशेबात हजार आणि लाखाचा रकाना चुकल्यावर जे होतं तेच झालं. चहाचा एक सपाट चमचा मीठ म्हणजे साधारण ५ ते ६ ग्रॅम. वाटीभर डाळीच्या आमटीला आधी तेवढंच घाला, चाखा, मग पुढचं. आईंना रक्तदाबाची गोळी असेल तर त्याहून कमी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आतच मीठ सांगते, आणि आपली शेंगाचटणी-लोणची धरली तर ते कधीच संपलेलं असतं.

वाटीचंही तसंच. प्रत्येक घरात चार मापांच्या वाट्या असतात. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आणाल तेव्हा ती वाटीनं मोजून पातेल्यात ओता. चार वाट्या भरल्या तर तुमची वाटी १२५ मि.ली.ची, तीन भरून थोडं उरलं तर दीडशेच्या आसपास. मग ती वाटी मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवा आणि तीन महिने दुसरी वापरू नका. भात, डाळ, रवा सगळं तिनंच. एकदा वाटी ठरली की पुस्तकातलं प्रमाण आपोआप बसतं, कारण बहुतेक प्रमाणं एकास दोन, एकास अडीच अशीच असतात.

आईंच्या ट्रंकेतलं पुस्तक जुनं असेल तर त्यात शेर आणि तोळे असतील. मेट्रिक मापं आपल्याकडं सक्तीची झाली ती १९६० नंतरच्या दोनेक वर्षांत. शेर म्हणजे ८० तोळे, ग्रॅममध्ये सुमारे ९३३. तोळा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त. गंमत अशी की पुढची चाळीस पानं गळाली म्हणता, आणि मापं, तयारी, मसाले ही प्राथमिक माहिती नेमकी पुढच्याच पानांत असते. तरी ते टाकू नका. समासात पेन्सिलीनं काही लिहिलंय का बघा. असलं तर छापलेल्यापेक्षा ते आधी वाचा.

तिसरी तपासणी सोलापूरकरांनी तरी करायलाच हवी. मराठी पाकपुस्तकं बरीचशी पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरातून आलेली आहेत. त्यांच्या आमटीत गोडा मसाला आणि गुळाचा खडा, भाजीवर ओलं खोबरं. चांगलीच लागते, पण ती तुमच्या घरची आमटी नव्हे. तुमच्याकडं काळं तिखट, शेंगदाण्याचा कूट, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण. पुस्तकाबरहुकूम सगळं केलंत आणि आई म्हणाल्या “हे काय गोडमिट्टं”, तर हात चुकला असं समजू नका, गाव चुकलं. पुस्तकातून रीत घ्या, मसाला डब्यातला घ्या. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात किंवा अक्कलकोट बाजूच्या कानडी घरात हीच अडचण दुप्पट असणार, कारण त्यांची चिंच-मिरची वेगळीच चालते.

नाव सांगा म्हणालात म्हणून सांगते. एकच घ्यायचं तर कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ घ्या. पहिलं निघालं ते १९७० मध्ये, आणि अजून लग्नात मुलींना देतात. मुलांना का देत नाहीत कोण जाणे. वाटी-चमच्याच्या भाषेत बोलतं, आणि रोजचं जेवण त्यात आहे. पण त्यातही वाचकाला थोडंफार येतं असं धरलेलं आहे. पदार्थ इतके की नवशिक्या गांगरतो. म्हणून घरी आणल्यावर बायकोला पेन्सिल द्या आणि म्हणा, आपल्या घरात खरंच होतात अशा बारा पानांवर खूण कर. बाकीचं पुस्तक तीन महिने नाही असं समजा. विकत घ्यायची घाई नको असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी आधी हाताळून बघा. तुमचं ते गुळगुळीत, फोटोंचं पुस्तक ओट्यावर उघडं राहत नाही आणि तेलाच्या हातानं लावायची भीती वाटते, असा माझा अंदाज आहे. असं पुस्तक दिवाणखान्यात बरं.

मोबाइलवरचे व्हिडिओ? हाताच्या कामाला उत्तम. मळणं, थापणं, लाटणं वाचून कळत नाही, बघूनच कळतं. प्रमाणाला मात्र वाईट. बोलणारा “थोडंसं” म्हणतो, मागं गाणं लागलेलं असतं आणि तुमचा हात पिठात असतो. आदल्या रात्री बघा, करताना फोन बाजूला.

भाकरीवर जरा थांबते, कारण तिनं तुमचा धीर खचलाय असं पत्रावरून दिसलं. गव्हाच्या पिठाला चिकटून राहायला स्वतःचं ग्लुटेन असतं. ज्वारीला ते नसतं. म्हणून कढत पाणी लागतं. त्या उष्णतेनं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरीला धरून ठेवतो. तुम्ही गार किंवा कोमट पाण्यात मळलंत का? आणि पीठ किती जुनं होतं? पीठ ठेवून ठेवून विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की कसलेला हातही हरतो, भाकरी कडेनं चिरते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती आपल्या दाराशी पिकते. एका वेळी किलो-दोन किलोच गिरणीतून आणा. हे सगळं जमलं तरी थापायला हात बसायला नऊ आठवडे कमी पडतील. मग रोज भाकरीचा हट्ट सोडा. रविवारी सराव करा. एरवी आपल्या गावात ताजी भाकरी करून देणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, आणि कडक भाकरी तर कितीतरी दिवस टिकते. आईंना चावणार नाही म्हणाल, पण गरम आमटीत कुस्करली की दातांचा प्रश्नच येत नाही. मात्र ती आमटी तुम्हाला आली पाहिजे.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त वरण-भात आणि आमटी. एक वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवायची, अडीच-तीन वाट्या पाणी, कुकरच्या तीन-चार शिट्ट्या. रोज तेच. कंटाळा येईल, घरचे वैतागतील, चालू दे. त्यानंतर एक पालेभाजी, एक फळभाजी, पिठलं, खिचडी. शेंगाचटणी एखाद्या रविवारी. शेंगदाणे बारीक आचेवर भाजायचे, आणि लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून तेल सुटेस्तोवर कुटायचे. मिक्सर वापरलात तर सलग फिरवू नका, थांबून थांबून फिरवा. एवढ्या पदार्थांवर तीन महिने निघतात. एखाद्या दिवशी डबा मागवलात तरी काही बिघडत नाही.

आणि वही. तुमच्याइतकी वही कुणालाच लिहिता येणार नाही म्हणून हे हक्कानं सांगते. रोज एक ओळ : तारीख, पदार्थ, माप, गॅस किती, काय बिघडलं, कोण काय म्हणालं. ‘१२ तारीख, आमटी, मीठ एक चमचा सपाट, आई : ठीक.’ एवढंच. पण बायकोच्या शब्दांपाशी अडून बसा. ती ‘जरा परत’ म्हणाली की विचारा, कांदा कुठल्या रंगाचा होईपर्यंत? ‘वास सुटला की’ म्हणाली तर तिला तवा तुमच्या नाकाजवळ धरायला सांगा, आणि वास नेमका सुटेल त्या क्षणी मिनिटं लिहून घ्या. ती चिडेल, कारण तिलाही हे कधी शब्दांत सांगावं लागलेलं नाही. मीही चिडले होते.

आईंची समजूत घालायच्या फंदात पडू नका. ८१ व्या वर्षी मतं बदलायची नसतात. पण त्यांना खुर्ची देऊन स्वयंपाकघराच्या दारात बसवा आणि विचारा, “आई, येसर आमटी तू कशी करायचीस?” मग गडीमाणसाचा विषय त्या स्वतःच विसरतील आणि तुमचं कसं चुकतंय हे सांगायला लागतील. पत्नी पुण्याला गेल्यावर तुमच्या गुरू त्याच आहेत, हेही लक्षात असू द्या. ही तालीम आत्तापासून झालेली बरी.

आज ऑफिसातून निघताना कपाट उघडा आणि आईंचं ते फाटकं पुस्तक पिशवीत घालून घरी न्या. बाकी दोन राहू देत तिथंच. फेब्रुवारीत एक पत्र टाका. आमटी कशी झाली ते नको, मोहरी कितव्या दिवसापासून जळेनाशी झाली तेवढं वहीत बघून कळवा.